वाचकांचे प्रश्न : वारशात आलेली बंदूक

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची जुनी बारा बोअर दुनळी बंदूक घरात आहे. ती माझ्या नावावर कशी करायची? निगा कशी राखावी?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : परवानाधारक गेल्यावर बंदूक घरी ठेवता येत नाही. आधी ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती जपून ठेवा. मग आपल्या नावावर परवाना मिळावा म्हणून नमुना ए-१ मध्ये अर्ज करा. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडा. सिन्नरसाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, नाशिक शहरात असता तर पोलीस आयुक्तालयात. बहुतेकांचे घोडे वारसांच्या सह्यांपाशीच अडते, म्हणून ते काम आधी उरका. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाची बंदूकही त्यात धरली जाते.

ताबा मिळाल्यावर चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या जागेची) लांबी जाणकाराकडून मोजून घ्या. जुन्या बंदुकांत ती अनेकदा ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, पण उडताना काडतुसाचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत मुळीच ठेवू नका, चामडे ओल धरते. नळ्या पुसून तेलाचा पातळ हात द्या.

प्रश्न : संग्रहासाठी जुनी मशीनगन घेता येईल का?

उत्तर : नाही. स्वयंचलित शस्त्र कितीही जुने असले तरी निषिद्धच.