कमी पैशात स्टेजची गिटार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी उदगीरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राच्या गिटारवर शिकलो. यंदा युवक महोत्सवात आणि गणपतीत वाजवायचं आहे. घरून १५ हजार मिळणार, त्यावर एक रुपया नाही. दुकानदार म्हणतो, सगळे पैसे घालून सॉलिड टॉपची घ्या, पिकअप नंतर बघू. घेऊ का?

उत्तर : या कामासाठी घेऊ नका. सॉलिड टॉप म्हणजे वरची फळी अस्सल एकसंध लाकडाची, लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. खोलीत बसून वाजवलं तर सॉलिडचा आवाज मोकळा लागतो, यात शंका नाही. पण मंडपात लोक ऐकतात ते स्पीकरमधून आलेलं. स्वस्त आणि मध्यम गिटारींत पिकअप, म्हणजे आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, हा सॅडलखाली (तारा टेकतात त्या बारीक तुकड्याखाली) बसवलेली पिएझो पट्टी असतो. ती मुख्यतः तारांचा सॅडलवरचा दाब टिपते, लाकडाचा गुण त्यात थोडाच उतरतो. बिनपिकअपची महागडी गिटार घेऊन स्टेजवर गेलात तर पुढे माइक धरून पुतळ्यासारखं बसावं लागेल आणि ढोलकीच्या आवाजात ती हरवेल.

दुसरं कारण आपल्याकडच्या हवेचं. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा याच्या कितीतरी खाली कोरडी पडते. लाकूड आकसतं, फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या आडव्या तारांची) टोकं नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेला बोचायला लागतात आणि सॉलिड फळीला रेषेत भेग जाऊ शकते. पावसाळ्यात उलट घडतं : फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात. लॅमिनेटमध्ये थरांचे रेषे एकमेकांना आडवे असल्यामुळे ती इतकी हलत नाही. धकाधकीत नेण्याआणण्यालाही तीच बरी.

म्हणून लॅमिनेट टॉपची, कारखान्यातूनच पिकअप आणि प्रीअँप (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारी यंत्रणा) बसवून आलेली गिटार १० हजारांच्या आसपास शोधा. यामाहाची एफएक्स ३१० ए टू किंवा कॉर्टची एडी ८१० ई ही याच जातीची मॉडेलं. भाव दुकानागणिक बदलतो, त्यामुळे लातूर, नांदेड, संभाजीनगर असे दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. वरची दोन्ही मॉडेलं मोठ्या पोटाची, म्हणजे ड्रेडनॉट आकाराची आहेत. त्याच पैशात लहान पोटाची कॉन्सर्ट आकाराची मिळाली तर तिला झुकतं माप द्या. मोठं पोट खर्जात जास्त घुमतं आणि स्टेजवर घूं करायला (स्पीकरच्या आवाजाने आपोआप घुमायला) तेच आधी लागतं.

उरलेले पैसे असे लावा : डीआय बॉक्सला (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणाऱ्या डबीला) दीड-दोन हजार, ६ मीटरच्या चांगल्या केबलला सहा-सातशे, तारांच्या दोन सेटना हजारभर, क्लिपवाला ट्यूनर आणि कापो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) मिळून सात-आठशे, आणि सेटअपला, म्हणजे कारागिराकडून गिटार नीट जुळवून घ्यायला, पाचशे ते हजार. सेटअपचे पैसे वाचवू नका. नव्या गिटारीची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, बऱ्याचदा जास्तच असते. बाराव्या फ्रेटवर जाडी तार साधारण २.५ मिलिमीटर आणि बारीक तार २ मिलिमीटरच्या आत असावी. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, जाडी तार चौदाव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्यापाशी फट बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, त्याहून जास्त एका वेळी नाही. तारा सुरात लावून पुन्हा मोजा.

दुकानात तपासताना केबल घरून न्या. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला लावून दाखवतील, तो हट्ट सोडायला लावा. कीबोर्डचा अँप किंवा साधा पीए स्पीकर मागा, कारण स्टेजवर तेच असणार. मग सहाही तारा एकेक करून सारख्याच जोराने छेडा. एखादी तार, बहुधा दुसरी किंवा सहावी, स्पीकरमधून दबलेली येते आणि गिटार केबलविना वाजवली की तीच तार ठीक लागते. असं असेल तर सॅडलचा तळ सपाट नाही, पट्टीवर सगळीकडे सारखा टेकत नाही. ही दुरुस्ती तळ घासून होते, पण तुम्ही का करायची? दुसरा नग मागा. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच जागी दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा, दोन्ही एकच यायला हवेत. प्रीअँपचा प्रत्येक खुंटा फिरवा, खरखर येते का ऐका. शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कंटाळवाणं आहे, पण भणभणणारा फ्रेट दुकानात सापडलेला बरा.

प्रश्न : माझ्याकडे यामाहा एफ ३१० आहे, पिकअप नाही. नवी घेऊ की हिच्यातच बसवून घेऊ? आमच्या ग्रुपचे परभणीत लग्नाच्या संगीताचे कार्यक्रम असतात.

उत्तर : हिच्यातच बसवा. गिटार चांगली आहे आणि हात तिला बसलेला आहे. तीन मार्ग आहेत.

फळीवर चिकटवायची गोल पिएझो चकती सगळ्यात स्वस्त. पण हात घासल्याचा, बाही लागल्याचा आवाजही ती उचलते आणि मोठ्या आवाजात लगेच घूं करते. घरी रेकॉर्डिंगला चालेल, संगीताला नाही.

साउंडहोलमध्ये (फळीवरच्या गोल तोंडात) अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप हा तुमच्यासाठी सोपा मार्ग. भोक पाडावं लागत नाही, कार्यक्रमाआधी लावा, नंतर काढा. घूं कमी करतो. आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : त्याला तारेतलं पोलादच कळतं, वरचं ब्राँझचं वेटोळं कळत नाही. त्यामुळे उघड्या पोलादाच्या पहिल्या दोन तारा बाकीच्यांपेक्षा मोठ्या येतात. पिकअपवर स्क्रू असतील तर त्या दोघींखालचे खाली घ्या. नायलॉनच्या तारांवर हा पिकअप चालतच नाही.

तिसरा मार्ग सॅडलखालची पट्टी आणि प्रीअँप कारागिराकडून बसवून घेणं. यात सॅडलच्या खाचेत वायरसाठी एक बारीक भोक आणि मागे पट्टा अडकवायच्या खुंटीच्या जागी साधारण १२ मिलिमीटरचं भोक पाडतात. पट्टीच्या जाडीइतकाच सॅडल तळातून घासावा लागतो, नाहीतर ॲक्शन वर जाते. कारागीर हे न विचारता करतो का, एवढं बघा. प्रीअँप नसलेली नुसती पट्टी घेऊ नका. तिला किमान १ मेगाओहमचा इनपुट लागतो आणि मिक्सरचा लाइन इनपुट त्यापेक्षा फार कमी ओहमचा असतो, त्यामुळे खर्ज गळतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो.

प्रश्न : गंगाखेडजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळात पेटीसोबत गिटार धरतो. ट्यूनरवर तारा बरोबर लावतो तरी पेटीशी सूर जुळत नाही. बुवा म्हणतात तुझी गिटार बेसूर आहे. दोष कुणाचा?

उत्तर : दोष कुणाचाच नाही. ट्यूनर ४४० हर्ट्झचा ए (पेटीची पांढरी सहा) धरून चालतो आणि पुष्कळ पेट्या त्यापेक्षा थोड्या चढ्या किंवा उतरत्या लावलेल्या असतात. पेटी जागेवर बदलता येत नाही, तेव्हा गिटारच तिच्याकडे न्यायची. पेटीची पांढरी सहा एकाच सुरात, सलग भात्याने वाजवून घ्या. ट्यूनर माइक मोडवर ठेवा, कारण क्लिप मोडवर तो फक्त गिटारचा कंप ऐकतो. काटा किती सेंट (सुरातला फरक मोजायचं लहान माप) वर आहे ते बघा. ४ सेंटला साधारण १ हर्ट्झ. काटा २० सेंट वर असेल तर ट्यूनरचा ए ४४५ वर ठेवा आणि मग सहाही तारा लावा. ही जुळणी कापो लावण्याआधी करा आणि कापो लावल्यावर परत एकदा तपासा, कारण घट्ट कापोने तारा चढतात.

बुवांनी पट्टी (गाण्याचा आधार सूर) सांगितली की बोटं कुठं ठेवायची, तेही लिहून ठेवा. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कापो आणि सीचे आकार, म्हणजे सी पट्टीत धरता तेच कॉर्ड. काळी दोनला पहिल्यावर कापो आणि डीचे, किंवा तिसऱ्यावर कापो आणि सीचे. पांढरी चारला तिसऱ्यावर कापो आणि डीचे. काळी चारला पहिल्यावर आणि जीचे, काळी पाचला तिसऱ्यावर आणि जीचे. भजनाची लय चढत जाते, त्यात बार कॉर्डने (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्डने) हात भरून येतो. खुले आकार टिकतात.

प्रश्न : जालन्यात मंडपात वाजवताना साउंडवाल्याने आवाज वाढवला की गिटार घूं करते आणि मधेच हमही येतो. शेवटी तो गिटारचा आवाज बंदच करून टाकतो.

उत्तर : घूं आणि हम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच उपाय लावला तर एकही जात नाही.

घूं म्हणजे स्पीकरच्या आवाजाने गिटारचं पोट हलणं. ते पोट साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात बोलतं, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटजवळ. आधी साउंडहोलला रबरी झाकण लावा, दीड-दोनशे रुपयांत मिळतं. मग प्रीअँपचा बास मध्यापेक्षा खाली घ्या, फेज बटण असेल तर दाबून बघा आणि कमी घूं होते तिकडे ठेवा. साउंडवाल्याला तुमच्या चॅनलचा लो कट (खर्ज कापणारं बटण) चालू करायला सांगा. मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) गिटारच्या तोंडासमोर नको, बाजूला तिरका हवा. एवढं केल्यावर आवाज बराच वर जातो.

हमसाठी, म्हणजे वायरींतून येणाऱ्या सलग गुणगुणीसाठी, आधी गिटारच्या केबलची दोन्ही टोकं हलवून बघा. बऱ्याच तक्रारी तिथंच संपतात. नंतर गिटार ते मिक्सर अशी लांबच्या लांब पी-३८ पिनची (गिटारच्या नेहमीच्या जाड पिनची) केबल ओढली आहे का बघा. ती ६ मीटरपेक्षा लांब गेली की आजूबाजूच्या वायरींचा हम ओढते. तुमच्या पायाशी डीआय बॉक्स ठेवा आणि पुढची लांबी एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने न्या. तरीही हम राहिला तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा, ते फक्त सिग्नलच्या केबलची अर्थची जोडणी सोडवतं. गिटारमध्ये सेलवर चालणारा प्रीअँप असेल तर साधा पॅसिव्ह डीआय पुरतो.

कुणी सांगेल, प्लगची अर्थची पिन तोडा म्हणजे हम जाईल. हे कधीही करू नका. जनरेटरवरच्या कार्यक्रमात अर्थिंग आधीच कच्चं असतं आणि ओठ माइकला, हात तारेला लागला की झटका बसतो. शंका आली तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून माइकची जाळी आणि गिटारच्या पिनचा धातू यांमध्ये मोजा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमन येईपर्यंत माइकला हात लावू नका.

प्रश्न : कार्यक्रमाच्या मध्येच आवाज चिरका होऊन बंद पडला. पिकअप गेला का? (धाराशिव)

उत्तर : बहुधा ९ व्होल्टचा सेल संपला. केबल खोचली की प्रीअँप चालू होतो. गिटार वाजत नसली तरी केबल तशीच राहिली तर सेल रात्रभर झिजतो. कार्यक्रम संपला की केबल आधी काढा. अल्कलाइन सेल वापरा आणि एक जास्तीचा पिशवीत ठेवा. गिटार महिनोन्महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर तो पाझरून सेलच्या खाचेतल्या धातूच्या पट्ट्या खातो.

प्रश्न : मे महिन्यात गावोगाव कार्यक्रम असतात. गिटार गाडीतच ठेवली तर चालेल का? (बीड)

उत्तर : नाही. उन्हात बंद गाडी ६० अंशांच्या पुढे तापते आणि ब्रिजचा (फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याचा) सरस ढिला पडतो. तारांच्या ओढीने ब्रिज मागून उचलला जातो. शंका असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. आत शिरला तर लगेच तारा सैल करा आणि कारागिराकडे न्या. तशीच वाजवत राहिलात तर ब्रिज फळीचा टवका घेऊन निघतो.