जुन्या डिझेल इंजिनांची छायाचित्रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील मिरजेला रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या ट्रंकेत मालगाड्यांची काही कृष्णधवल छायाचित्रे मिळाली. कुणाच्याही मागे काही लिहिलेले नाही. एका छायाचित्रात डिझेल इंजिन असून त्याचा क्रमांक 17 ने सुरू होतो, पुढचे आकडे पुसट आहेत. हे इंजिन कोणते आणि छायाचित्र साधारण कधीचे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : प्रथम इंजिनाच्या अंगाकडे पाहा. 17000 ते 17099 हे क्रमांक डब्ल्यूडीएम-1 या वर्गाचे होते. अमेरिकेच्या आल्को कंपनीची ही शंभर इंजिने 1957 पासून आपल्याकडे आली. त्यांचे कवच इंजिनाच्या पूर्ण रुंदीचे असे आणि ड्रायव्हरची केबिन एकाच टोकाला. तुमच्या छायाचित्रात कवच अरुंद असेल, त्याच्या दोन्ही बाजूंनी कठडा असलेली चालण्याची पट्टी असेल आणि केबिन एका बाजूच्या लांब व दुसऱ्या बाजूच्या आखूड हूडच्या (कवचाच्या भागाच्या) मध्ये बसवलेली असेल, तर ते डब्ल्यूडीएम-2 आहे. हे इंजिनही मूळ आल्कोचेच. पहिली इंजिने 1962 मध्ये तयार होऊन आली आणि जानेवारी 1964 पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. आल्कोने स्वतःचा इंजिनांचा धंदा 1969 मध्ये गुंडाळला, तरी तिचा आराखडा वाराणसीत त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिला.

डब्ल्यूडीएम-2 चे 18 ने सुरू होणारे क्रमांक सर्वसाधारणपणे आधीचे, 17100 पासूनचे त्यानंतरचे आणि 16 ने सुरू होणारे आणखी उशिराचे आहेत. मात्र क्रमांकावरून इंजिनाचा जन्म कळतो, छायाचित्राची तारीख नव्हे. छायाचित्र त्याआधीचे असू शकत नाही, एवढेच त्यावरून ठरते. नंतरची मर्यादा गाडीच्या बाकीच्या भागात शोधावी लागते. इंजिनाच्या समोरच्या बफरांजवळ लोंबणारे नळे भिंगाखाली पाहा. एकच जाड नळा असेल तर ब्रेक व्हॅक्यूमचे आहेत. बारीक नळ्यांची जोडीही दिसत असेल तर इंजिन हवेच्या ब्रेकची गाडी ओढू शकणारे, म्हणजे बहुधा नंतरच्या काळातले आहे. त्यामागच्या वाघिणी पाहा. चार चाकी, बंदिस्त आणि साखळीसारख्या स्क्रू कपलिंगने जोडलेल्या वाघिणींची गाडी जुनी. उंच कडांच्या, उघड्या, आठ चाकी बॉक्सएन वाघिणींचा रेक (जोडलेली सलग रांग) असेल तर छायाचित्र 1980 च्या दशकातले किंवा त्यानंतरचे.

तुमच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडेल. पुणे-मिरज मार्ग 1970 च्या दशकाच्या आरंभापर्यंत मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांचा होता. डब्ल्यूडीएम-2 हे रुंद रुळांवरचे, ब्रॉडगेजचे इंजिन. त्यामुळे त्या मार्गावर ते दिसत असेल तर छायाचित्र रूळ रुंद झाल्यानंतरचेच आहे. वायडीएम-4 हे आल्कोचे मीटरगेज इंजिन दिसायला याच घाटाचे, पण अंगाने लहान असल्याने अनेकांची गफलत होते. त्याचा क्रमांक मात्र चार आकडी असतो.

आणि या छायाचित्रांना किरकोळ समजू नका. त्या काळी परदेशातून कॅमेरे घेऊन येणारे हौशी लोक वाफेच्या इंजिनांसाठी येत आणि ती इंजिने हटवणाऱ्या डिझेलकडे बहुतेक जण पाठ फिरवत. आपल्याकडे स्थानकात कॅमेरा काढायचा म्हणजे परवानगीचा प्रश्न येई. परिणामी 1960 आणि 1970 च्या दशकांत मालगाडी ओढणाऱ्या डिझेल इंजिनांची नोंद फार तुटपुंजी राहिली, आणि जी राहिली ती बरीचशी रेल्वेच्या माणसांच्या घरातच असावी, असे माझे मत आहे. वडिलांचे कुणी सहकारी हयात असतील तर ही छायाचित्रे घेऊन त्यांच्याकडे आधी जा. यार्डातला सिग्नल किंवा पाण्याची टाकी ओळखणारा माणूस कोणत्याही पुस्तकापेक्षा अचूक सांगेल.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत डिझेल इंजिन काळ्या धुराचा लोट सोडताना दिसते. त्या वेळी गाडी अवजड होती, असे समजावे का? शिवाय याला मालगाडीचे इंजिन म्हणावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : धुरावरून वजनाचा अंदाज बांधू नये. डब्ल्यूडीएम-2 च्या सोळा सिलिंडरच्या, 2600 अश्वशक्तीच्या इंजिनाला हवा पुरवणारा टर्बोचार्जर इंजिनाच्याच उत्सर्गावर फिरतो. ड्रायव्हरने इंजिनाची शक्ती वाढवणाऱ्या दांड्याच्या आठ टप्प्यांपैकी (नॉचपैकी) वरचा नॉच लावला की इंधन ताबडतोब वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर पडते. आठव्या नॉचवर घाट चढणारे इंजिन, तब्येत ठीक असेल तर, त्या मानाने स्वच्छ जळते. त्यामुळे धुराचा लोट दिसला तर ड्रायव्हरने नुकताच हात पुढे केला होता, एवढेच म्हणता येईल. छायाचित्रकार नेमका तोच क्षण टिपतात आणि म्हणून आल्कोच्या धुराची ख्याती प्रत्यक्षाहून मोठी झाली आहे.

वर्गाच्या नावातला 'एम' मिश्र कामासाठी आहे. हेच इंजिन सकाळी एक्स्प्रेस आणि रात्री कोळशाचा रेक ओढत असे. मुख्य मार्गावर खास मालगाड्यांसाठी बांधलेली 'जी' वर्गाची डिझेल इंजिने 1990 च्या दशकात आली. म्हणून त्याआधीच्या छायाचित्रात इंजिनापेक्षा मागच्या वाघिणींवरूनच काम ओळखावे.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फिल्मचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊ लागला की असा वास येतो. ही क्रिया परतवता येत नाही, फक्त मंदावता येते, आणि कोकणातली उष्ण, दमट हवा तिला पोषकच ठरते. वास येणाऱ्या निगेटिव्ह आधी बाकीच्यांपासून वेगळ्या काढा, कारण त्यांतून निघणारे आम्ल शेजारच्या फिल्मलाही बिघडवते. पीव्हीसीची पाकिटे आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. आम्लरहित कागदाची पाकिटे वापरा आणि ती घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा.

स्कॅनिंग मात्र आताच उरकून घ्या. 35 मिमीच्या निगेटिव्हसाठी सुमारे 4000 डीपीआय आणि टिफ फाइल ठेवावी. या मूळ फाइलमध्ये कातरकाम, ओरखडे पुसणे, आकाश उजळवणे यांपैकी काहीही करू नका. कोपऱ्यातला अर्धा कापलेला डबा किंवा फलाटावरचा फलक सौंदर्यदृष्टीने नकोसा वाटतो, पण ठिकाण ओळखण्याचा धागा नेमका तोच असतो. सजावट हवी असेल तर दुसऱ्या प्रतीवर करा. कागदी प्रतींच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.

प्रश्न : डब्ल्यूडीएम-2 प्रत्यक्ष पाहून छायाचित्र घ्यायचे असेल तर कुठे जावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या वर्गातले पहिले इंजिन, क्रमांक 18040, जतन केलेले आहे. वाराणसीत बनलेले पहिले इंजिन, क्रमांक 18233, 'कुंदन' या नावाने तिथल्या कारखान्यात ठेवलेले आहे. डिझेल शेडमध्ये लेखी परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि चांगल्या कोनासाठी रुळांवर उतरणे हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. धावती गाडी टिपायची असेल तर रस्त्यावरच्या पुलावरून प्रयत्न करा, सकाळचे ऊन इंजिनाच्या बाजूवर पडेल अशी दिशा निवडा आणि क्रमांक व शेडचे नाव दोन्ही चौकटीत येतील एवढे अंतर ठेवा.