दहा मिनिटांच्या भेटीआधी

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. मुंबईच्या लेखक-संमेलनात एका लिटररी एजंटबरोबर, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणाऱ्या माणसाबरोबर, तुला दहा मिनिटांची भेट मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. त्या भेटीत काय बोलायचे याचे टिपणही तू सोबत पाठवले आहेस आणि त्यावर माझे स्पष्ट मत मागितले आहेस. तुझे हस्तलिखित मी पूर्ण वाचलेले आहे, म्हणूनच सांगतो, की ज्या कादंबरीने मला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवले ती या टिपणात मला कुठेही सापडली नाही. भेटीला अजून अवकाश आहे. टिपण बाजूला ठेवून नव्याने लिहिण्याइतका वेळ तुझ्याजवळ नक्की आहे.

टिपणाची सुरुवात तू अशी केली आहेस: ‘प्रस्तुत कादंबरी पूर्व विदर्भातील ग्रामीण जीवनाचे, शोषणाचे आणि ढासळत्या मूल्यांचे विदारक चित्रण करते.’ या वाक्यात खोटे काही नाही. पण कादंबरी वाचून झाल्यावर एखाद्या समीक्षकाने लिहावे असे हे वाक्य आहे आणि कितीतरी ग्रामीण कादंबऱ्यांना ते जसेच्या तसे लागू पडते. तुझ्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीने कादंबरी वाचलेली नसेल. गोष्ट कोणाची आहे, त्या माणसाला काय हवे आहे आणि ते मिळण्याच्या आड काय येते, हे तिला सर्वांत आधी कळले पाहिजे. तुझ्या कादंबरीत हे सगळे आहे, आणि इतके ठसठशीत आहे, की तू ते झाकून का ठेवलेस याचेच मला नवल वाटले.

मी वाचली ती गोष्ट अशी आहे. मालगुजारी तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदाराच्या तलावाच्या काठी एक गाव आहे. नवऱ्यामागे मच्छीमार संस्थेची अध्यक्ष झालेली एक धीवर बाई कर्ज काढून तलावात मत्स्यबीज सोडते. त्या वर्षी पाऊस ऐन वेळी दडी मारतो, धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) कोरड्या पडतात आणि तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडा म्हणत शेतकरी तिच्या दारात येऊन उभे राहतात. तुडूम उघडले तर मासळी जाते आणि कर्ज अंगावर राहते. बंद ठेवले तर जे धान करपणार आहे, त्यात तिच्या स्वतःच्या मुलाने ठेक्याने केलेली बांधीही आहे. एवढे सांगायला मिनिटभर लागते, आणि ऐकणारा पुढे काय झाले हे विचारल्याशिवाय राहत नाही. शोषण, जात, मूल्ये हे सारे त्या एका तुडुमाशी येऊन थांबलेले आहे. ते वेगळे सांगावे लागत नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाण्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न गावोगाव चिघळला, यावरचे तुझे प्रकरण मला फार आवडले. तरी त्या भेटीत त्याला एका अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नकोस. ‘पूर्वी मालगुजाराचा, आता सरकारी असलेला तलाव’ एवढे पुरे. पाळ (तलावाचा बांध) कोणी बांधली, सलंग (जादा पाणी वाहून जायची वाट) कुठल्या बाजूला आहे, कोहळी समाजाच्या लोकांनी ही तळी कशी उभारली, हे सगळे तुला सांगावेसे वाटेल याची मला कल्पना आहे, कारण तू ते आजोबांकडून ऐकले आहेस आणि ते कुठेतरी नोंदले जावे अशी तुझी तळमळ आहे. ती नोंद कादंबरीत झालेली आहे, तिथे ती सुरक्षित आहे.

गोष्ट अशी थोडक्यात सांगण्याचे काम आपल्या भागातल्या कोणालाही नवे नाही. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतींचे) दिवस आले, की वडशाला नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावची मंडळे नाटक ठरवायला जातात, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. कंपनीचा माणूस त्यांना नाटकाचा संदेश समजावत बसत नाही. भाऊ भावाला कसा फसवतो, दुसऱ्या अंकात काय उघडकीला येते, विनोदी भूमिका कोण करतो, हे तो चहा येईपर्यंत सांगून मोकळा होतो. आणि मंडळाची माणसे तेवढ्यावरून ताडतात, की आपले गाव पहाटेपर्यंत मंडपात बसेल की नाही. शिवाय त्यांना गावी परतल्यावर तेच चार लोकांना सांगून वर्गणी गोळा करायची असते. एजंटचेही तसेच आहे. तू सांगितलेली गोष्ट त्याला उद्या एखाद्या संपादकाला सांगायची असते, संपादकाला ती प्रकाशनसंस्थेच्या बैठकीत विक्रीच्या लोकांपुढे मांडायची असते, आणि त्या साखळीत तू कुठेच हजर नसतेस. म्हणून तुझे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी टिकेल असे हवे. ‘विदारक चित्रण’ पुढे कोणी सांगत नाही. कर्ज काढून सोडलेली मासळी आणि मुलाचे करपणारे धान कोणीही सांगू शकतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. तू विदर्भाची आहेस हे कळताच तुला विचारले जाईल, की कादंबरीत शेतकरी आत्महत्या आहे का. विचारणारा वाईट हेतूने विचारणार नाही. यवतमाळ, अमरावती, वर्धा या कापसाच्या जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे आलेल्या बातम्यांनी बाहेरच्या वाचकाच्या मनात विदर्भाचे तेवढेच चित्र उरले आहे. ते दुःख खरे आहे आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी लिहावे. पण तुझी कादंबरी धानाच्या पट्ट्यातली आहे, तिच्यातली बाई जगायचा हिशेब मांडते आहे, आणि तो हिशेब चुकतो की जुळतो यावर तुझे सारे कथानक उभे आहे. त्या क्षणी पुस्तक विकले जावे म्हणून ‘हो, तसा एक प्रसंग टाकता येईल’ असे तुझ्या तोंडून निघू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. शांतपणे सांग, की ही पूर्वेकडच्या तलावांच्या मुलखाची गोष्ट आहे, इथे भांडण पाण्याच्या वाटणीचे आहे, आणि या मुलखावर बाहेरच्या वाचकाने फारसे काही वाचलेले नाही. ज्याला फक्त आपले मरण छापायचे आहे त्याच्याकडून आलेला नकार तू आनंदाने घरी घेऊन ये. तुडुमाची गोष्ट ऐकून जो पुढे सरसावेल, तोच तुझ्या पुस्तकासाठी वर्षभर खटपट करील.

एजंटकडून नेमके काय मागायचे आहे, हेही तुझ्या मनात स्वच्छ असू दे. मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे हस्तलिखित देतो, मध्ये एजंट सहसा नसतो, आणि तुझ्या मराठी आवृत्तीसाठी तुला त्याची गरजही नाही. इंग्रजी अनुवाद, परदेशी प्रकाशन आणि चित्रपट किंवा मालिकेचे हक्क यांसाठी मात्र चांगला एजंट फार उपयोगी पडतो, कारण त्या दारांपर्यंत आपण गावात बसून पोहोचू शकत नाही. २०२२ मध्ये एका हिंदी कादंबरीच्या आणि २०२५ मध्ये एका कन्नड कथासंग्रहाच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. तेव्हापासून भारतीय भाषांतल्या पुस्तकांबद्दल विचारणा वाढली असली, तर त्यात नवल नाही. त्यामुळे पहिल्याच मिनिटात सांगून टाक, की मूळ कादंबरी मराठीत पूर्ण झालेली आहे आणि सुरुवातीच्या प्रकरणांचा इंग्रजी अनुवाद तयार आहे. ‘पूर्ण’ हा शब्द गाळू नकोस. वैचारिक किंवा माहितीपर पुस्तक रूपरेषा आणि एक-दोन प्रकरणांवर मांडता येते. कादंबरी, तीही नवख्या लेखकाची, शेवटापर्यंत लिहिलेली नसेल तर कोणी हात लावत नाही. अनुवाद करणाऱ्या तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीबरोबर मोबदला आणि श्रेय यांबद्दल दोन ओळींचा लेखी करार त्याआधी करून घे. मैत्री आहे म्हणून तो राहून जातो आणि पुढे दोघींनाही जड जाते.

प्रश्नांसाठी निम्म्याहून अधिक वेळ मोकळा ठेव. शेवट काय होतो असे विचारले, तर तो सांग. अनेक नवे लेखक ‘ते पुस्तकातच वाचा’ म्हणून हसतात आणि समोरच्याला वाटते की यांनाच शेवट ठाऊक नसावा. तुझी बाई रात्री तलावाच्या पाळीवर जाऊन स्वतःच्या हाताने तुडूम उघडते आणि सकाळी संस्थेच्या बैठकीत कर्ज आपल्या नावावर लिहून घेते, हा शेवट ऐकल्यानेच पुस्तक वाचावेसे वाटते. कथासारांश मागितला तर त्यातही शेवट आला पाहिजे. दुसरा प्रश्न असेल, की ही कादंबरी कोणत्या पुस्तकांच्या शेजारी ठेवता येईल. ‘असे पुस्तक मराठीत झालेच नाही’ हे उत्तर ऐकणाऱ्याला उद्धट वाटते, आणि ते बहुधा खरेही नसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या अभिजात कादंबरीचे नाव घेणेही कामाचे नाही. गेल्या काही वर्षांतली, इंग्रजीत आलेली दोन पुस्तके शोध, ती खरोखर वाच आणि तुझी कादंबरी त्यांच्यापासून कुठे वेगळी होते हे एका वाक्यात सांगता येईल इतकी तयारी कर. तिसरा प्रश्न पुढच्या लेखनाबद्दल असतो. वडशाच्या नाटकातल्या नटीवरची तुझी कल्पना तिथे सांगायला हरकत नाही, पण विचारल्यावरच.

इंग्रजीची धास्ती तू पत्रात लिहिली आहेस. ती मनातून काढून टाक. सावकाश बोललीस तरी चालते, अडलीस तर हिंदीत बोल. टिपण पाठ करून घडाघडा म्हटलेस, तर मधेच प्रश्न आल्यावर धागा तुटेल. म्हणून पाठ न करता ते माणसांना सांगत राहा. आईला चुलीपाशी सांग, संस्थेत जाळी विणत बसणाऱ्या बायांना सांग. ज्या ठिकाणी त्या ‘मंग?’ म्हणतील ती जागा बरोबर आहे, आणि ज्या ठिकाणी त्यांची नजर जाळ्याकडे वळेल तिथले वाक्य काढून टाक. यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

हस्तलिखिताची बाडे सोबत नेऊ नकोस. ती तिथे कोणी घेत नाही. रस वाटला तर सुरुवातीची प्रकरणे ईमेलने मागवतील. जितकी मागतील तितकीच, आठवडाभरात, भेटीचा उल्लेख करून पाठव. त्यानंतर महिना-दोन महिने शांतता राहिली तर एकदा नम्र आठवण करून द्यायची, रोज नाही. याच काळात दुसऱ्या एजंटकडेही पाठवता येते, फक्त दोघांनाही तसे कळवून ठेवावे.

पैशाबद्दल एकच पक्के लक्षात ठेव. एजंट लेखकाकडून आधी पैसे घेत नाही. पुस्तक विकले गेले तर लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून तो आपले कमिशन कापून घेतो. ते साधारणपणे देशातल्या व्यवहारासाठी पंधरा टक्के आणि परदेशातल्या व्यवहारासाठी वीस टक्क्यांच्या आसपास असते. वाचनशुल्क, नोंदणीशुल्क, संपादनशुल्क अशा कोणत्याही नावाने कोणी आधी रक्कम मागितली, तर मागणारा कितीही गोड बोलणारा असला तरी तिथून उठून ये.

आणि ज्या मराठी प्रकाशकाने तुला करारनामा पाठवला आहे, त्यावर मुंबईला जाण्याआधी सही करू नकोस. ‘सर्व भाषांतील अनुवादाचे व दृक्-श्राव्य माध्यमांचे सर्व हक्क’ प्रकाशकाकडे राहतील, असे कलम त्यात असल्याचे तू लिहितेस. त्यावर सही झाली तर एजंटपुढे मांडायला तुझ्या हाती काही उरणारच नाही. प्रकाशकाला मराठीतील छापील आवृत्तीचे हक्क द्यावेत, ई-पुस्तकाचे चर्चा करून द्यावेत, आणि अनुवादाचे व पडद्यावरचे हक्क आपल्याकडे राखावेत. हे मागणे मुळीच गैर नाही, फक्त ते लेखी मागावे लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले एकोणिसावे कलम तुझ्या बाजूने आहे. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे त्यात नमूद असावे लागते, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास तो परत तुझ्याकडे येतो. नेमके हे ‘वेगळे काही’ तुझ्या करारनाम्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे का, ते आधी पाहा. त्या पानाचा आणि अनुवादाच्या कलमाचा फोटो काढून मला पाठव. प्रकाशकाला काय लिहायचे त्याचा मसुदा आपण मिळून करू. नवे टिपणही त्याबरोबर येऊ दे, आणि ते एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस.

तुझा,
सर