भारत आणि नेपाळ यांपैकी माल आयात करणं कुठे स्वस्त पडतं? कंटेनरमागच्या खर्चाच्या तक्त्यावरून ठरवता येईल का?

नाही. तक्त्यावरून तर मुळीच ठरवू नका. असे जे तक्ते फिरतात ते बहुधा जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालातले असतात. तो अहवाल २०२१ मध्ये बंद झाला, आणि त्यातल्या आयातखर्चात कस्टम ड्युटी धरलेलीच नसायची. शेवटच्या काही वर्षांत तर प्रत्येक देशासाठी मोटारींचे सुटे भाग धरायचे, तेही तो देश जिथून सर्वांत जास्त घेतो तिथून येणारे. म्हणजे सीमेवरून ट्रकने आलेला माल आणि समुद्रातून जहाजाने आलेला माल एकाच रांगेत. ही तुलनाच नव्हे.

याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या जुन्या भागीदाराचं कायमचं बिनसलं. आमचं क्लिअरिंगचं, म्हणजे माल कस्टममधून सोडवून देण्याचं काम. २०१५ मध्ये काठमांडूच्या एका पार्टीचं छपाईयंत्र चीनहून कोलकात्याला उतरून नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजमार्गे जायचं होतं. भागीदाराने असाच एक तक्ता पुढे ठेवून भाव दिला. मी सांगत होतो की नेपाळला बंदर नाही, कोलकाता ते बीरगंज सुमारे ७०० किलोमीटर, आणि माल उतरवून रिकामा कंटेनर परत कोलकात्याला आणून देईपर्यंत जहाज कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे तिचा कंटेनर मुदतीबाहेर ठेवल्याचं भाडं, चालूच राहतं. ते भावात धर. "ड्युटी बघ, बाकी किरकोळ," हे त्याचं उत्तर.

सप्टेंबरमध्ये सीमेवर नाकेबंदी सुरू झाली. बीरगंजसमोर भारताच्या बाजूला असलेल्या रक्सौलला ट्रकच्या रांगा लागल्या, आमचा कंटेनर अडकला. डिटेन्शन डॉलरमध्ये लागतं आणि जितके दिवस उलटतील तितका रोजचा दरही वाढतो. बिल आल्यावर भागीदाराने ते सरळ पार्टीच्या गळ्यात मारलं. नाकेबंदी कुणाला माहीत होती, असं तो आजही म्हणतो. अरे, नाकेबंदी नसती तरी पावसाळ्यात दरडी कोसळून काठमांडूकडे जाणारा नारायणगढ-मुग्लिन रस्ता बंद पडतोच की! ज्याने भाव देताना हा खर्च दाखवला नाही, त्यानेच तो सोसायला हवा होता. त्या काठमांडूच्या पार्टीने यंत्र कर्ज काढून घेतलं होतं.

आता तुमचा हिशेब. भारतात सीआयएफ, म्हणजे विमा आणि जहाजभाडं धरून, १०० रुपये किमतीच्या मालावर मूळ ड्युटी ७.५ टक्के असेल तर तिच्यावर १० टक्के अधिभार, म्हणजे ०.७५. या १०८.२५ वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. पण जीएसटी नोंदणी असेल आणि माल धंद्यासाठी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे तो साधारणपणे खर्चात धरायचा नाही. नेपाळचा १३ टक्के व्हॅटही नोंदणीकृत व्यापाऱ्याला असाच वळता होतो. तेव्हा "तिकडे १३, इकडे १८, म्हणून नेपाळ स्वस्त" हे साफ चूक आहे. माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरकडून फ्री डेज, म्हणजे कंटेनर बिनभाड्याने ठेवण्याचे दिवस किती, त्यानंतर रोजचा दर काय आणि रिकामा कंटेनर कुठे परत द्यायचा, हे भावासोबत लेखी घ्या. जो देणार नाही त्याच्याकडे काम देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

हे सगळं तिसऱ्या देशातून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाबद्दल. भारतातच बनलेला माल नेपाळला न्यायचा असेल तर बंदराचा प्रश्नच येत नाही. आणि पेट्रोल-डिझेलवर चालणारी प्रवासी गाडी नेणार असाल, तर तिथले कर इतके जबर आहेत की तेवढ्यापुरतं ड्युटीच आधी बघा.