कधीच न चालणारा एल्स इफ आणि गप्प बसलेला कंपायलर

प्रश्न: सी मध्ये ग्रेड काढायचा प्रोग्राम लिहिला. आधी मार्क ४० च्या वर असले तर पास, मग एल्स इफ मध्ये ७५ च्या वर असले तर डिस्टिंक्शन. डिस्टिंक्शन कोणालाच मिळेना! चूक सापडली, पण जीसीसीने (माझ्या सी कंपायलरने) वॉर्निंग का नाही दिली? जावामध्ये तर रिटर्नच्या खाली एक ओळ राहिली तरी एरर येते.

उत्तर: तुमची ही चूक जावानेही पकडली नसती. खालची ओळ कधी चालेल का हे ठरवताना जावा इफची कंडिशन खरी की खोटी हे बघतच नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय, म्हणून व्हाइल फॉल्सच्या आत काही लिहिलं तर एरर येते पण इफ फॉल्स चालतं, कारण डीबगचा कोड एका कॉन्स्टंटने बंद-चालू करता यावा.

जीसीसीमध्ये पूर्वी अनरीचेबल, म्हणजे कधीच न चालणाऱ्या, कोडची वॉर्निंग होती, पण ती ऑप्टिमायझरच्या (कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग) भरवशावर चालायची, त्यामुळे व्हर्जन बदललं की वेगळाच कोड दाखवायची, म्हणून २०१० च्या ४.५ मध्ये काढून टाकली. गंमत नाही, त्रासच आहे हा: तो ऑप्शन आजही दिला तर कंपायलर मुकाट्याने घेतो आणि करत काहीच नाही. क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरमध्ये ही वॉर्निंग आहे, पण वॉर्निंगचा "ऑल" हा ऑप्शन दिला तरी त्यात येत नाही, वेगळी मागावी लागते.

ती चालू ठेवाच. २०१४ मध्ये उघड झालं की ॲपलच्या एसएसएल (इंटरनेटवरचं कनेक्शन सुरक्षित ठेवणाऱ्या) कोडमध्ये 'गोटू फेल', म्हणजे थेट 'फेल' या जागी उडी मार, ही ओळ चुकून दोनदा पडली होती, दुसरी इफच्या बाहेर, म्हणजे ती दर वेळी चालणार आणि खालची सही तपासणारी ओळ कधीच नाही. क्लँगच्या या वॉर्निंगने ते दाखवलं असतं.

पण तुमच्या केसमध्ये क्लँगही गप्पच राहील. ७५ च्या वरचा आकडा ४० च्याही वर असतोच, हे कळायला व्हेरिएबलच्या रेंजचा हिशोब ठेवावा लागतो आणि ही वॉर्निंग तो ठेवत नाही. जीसीसी ६ पासून डुप्लिकेटेड कंडची वॉर्निंग आहे, पण तीही तीच कंडिशन हुबेहूब परत आली तरच बोलते.

म्हणून मोठा आकडा आधी तपासा, आणि प्रत्येक फांदीसाठी एक तरी टेस्ट लिहा. मग कव्हरेज, म्हणजे कोणती ओळ किती वेळा चालली याची मोजणी, चालू करून कंपाइल करा, टेस्ट चालवा आणि ती मोजणी दाखवणाऱ्या जीकोव्हचा रिपोर्ट उघडा, जी ओळ एकदाही चालली नाही तिच्यापुढे पाच हॅश (#####) दिसतात. ८० मार्कांची टेस्ट असूनही डिस्टिंक्शनच्या ओळीपुढे ते हॅश दिसले, तर ती ओळ पुसू नका, आधी तिच्या वरची कंडिशन वाचा.