मोरी म्हणजे शार्कच का? बाळंतिणीला ती द्यावी का?

होय, मोरी म्हणजे शार्कच. आमच्या मालवणात मोरी, रायगड-मुंबईकडे मुशी. बहीण नुकतीच बाळंत झालीय आणि दूध वाढावं म्हणून घरातले मोरी द्यायला सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने मलाही तीच खाऊ घातली, त्यामुळे त्या सांगण्यामागची माया मला कळते. तरी माझं उत्तर 'नको' असंच आहे.

शार्क इतर मासे खातो आणि बरीच वर्षं जगतो. त्या माशांमधला पारा त्याच्या अंगात साठत जातो, आणि कितीही शिजवलं तरी तो जात नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन म्हणूनच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क खाऊ नका म्हणून सांगतं.

दुसरं कारण माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. मोरी साफ करायची म्हणजे आधी कढत पाणी ओतायचं आणि पॉलिशपेपरसारखी खरखरीत कातडी घासून काढायची. वास जावा म्हणून मग हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस. एकदा आईने पोट चिरलं तर आत बोटाएवढी पिल्लं, एकेकाला बारीकशी नाळ. आई कोयता खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मोरीला मोजकीच पिल्लं होतात, आणि मोठ्या जातींना वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात. त्यात ट्रॉलरच्या जाळ्यात ती मुद्दाम न धरताही येते. जगातल्या शार्क आणि पाकटांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती आज धोक्यात आहेत.

आपल्याकडे भारतात कायदे आहेत. व्हेल शार्कला 2001 पासून संरक्षण आहे, 2015 पासून शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आहे. पण सगळ्या जातींना बंदी नाही, आणि बाजारात तुकडे केलेली मोरी कुठल्या जातीची हे ओळखणं आमच्यासारख्यांनाही कठीण जातं. पाटीत वीतभर पिल्लं दिसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती 'मऊ लागतत' म्हणून गिऱ्हाईक मागून घेतं.

मासेमारांना मी दोष देणार नाही. जाळ्यात मेलेली मोरी परत समुद्रात टाकून त्यांचं डिझेल सुटत नाही. पण मी स्वतः आता मोरीचं मटण, म्हणजे मटणासारखं केलेलं तिचं कालवण, करत नाही.

बहिणीला पेडवे किंवा बांगड्याचं पातळ, कमी तिखट कालवण द्या. आणि दूध खरंच कमी येत असेल तर बाळाला घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यात दिवस घालवू नका.