कार्यकारिणीतील रिकामी जागा कोणी भरायची?

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेले आहे. अकरा जणांच्या कार्यकारिणीतील कोषाध्यक्षांनी मुलीकडे पुण्यास राहायला जायचे असल्याने राजीनामा दिला. मुदत संपण्यास अजून दोन वर्षे आहेत. अध्यक्षांनी आपल्या पुतण्याचे नाव सुचवले आहे. काहींच्या मते गेल्या निवडणुकीत बाराव्या क्रमांकाची मते मिळालेल्या उमेदवारास घ्यावे, तर काहींना सर्वसाधारण सभा हवी आहे. योग्य काय?
— एक कार्यकारिणी सदस्य, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. कोषाध्यक्ष हे पद आहे आणि कार्यकारिणीतील सदस्यत्व ही जागा आहे. पदाधिकारी कार्यकारिणीने आपल्यातून निवडायचे अशी आपली नियमावली असेल, तर उरलेल्या दहांपैकी कोणालाही पुढच्याच बैठकीत कोषाध्यक्ष करता येईल आणि धनादेशांवरील सह्यांची अडचण बरीच सुटेल. अकरावी जागा भरण्याची घाई मग राहत नाही. बहुतेक संस्थांत चुका होतात त्या नेमक्या या घाईमुळे.

जागेबाबतचे उत्तर कायद्यापेक्षा आपल्या नियमावलीत अधिक आहे. कपाटातील झेरॉक्सवर विसंबू नका. नियमावलीत मागे दुरुस्ती झाली असेल तर ती त्या प्रतीत नसण्याचीच शक्यता अधिक असते, म्हणून सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मागवा. मुदतीपूर्वी रिकामी झालेली जागा कार्यकारिणीने सभासदांतून उर्वरित काळापुरती भरावी, असे कलम पुष्कळ नियमावल्यांत आढळते. आपल्याकडे ते असेल तर सर्वसाधारण सभेची गरज नाही, मात्र नव्या सदस्याची मुदतही या कार्यकारिणीबरोबरच संपेल. नियमावली याबाबत गप्प असेल, तर सभासदांनी निवडून द्यायची जागा कार्यकारिणीने परस्पर भरू नये. ती सर्वसाधारण सभेपुढेच न्यावी, असे माझे मत आहे.

बाराव्या क्रमांकाच्या उमेदवाराचा मुद्दा ऐकायला न्याय्य वाटतो, परंतु नियमावलीत तशी स्पष्ट तरतूद नसेल तर त्यास आधार नाही. सभासदांनी त्या दिवशी अकरा जण निवडले. बारावे गृहस्थ निवडून आले नाहीत, आणि गेल्या निवडणुकीतील ती मते आज त्यांच्या नावावर शिल्लक राहत नाहीत. त्यांचे नाव सुचवण्यास अर्थातच कोणाची हरकत असू नये. ‘आमच्या सोसायटीत असेच करतात’ हा युक्तिवादही येथे लागू नाही, कारण गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली येतात.

पुतण्या असणे ही स्वतःहून अपात्रता नव्हे. तो सभासद आहे का आणि त्याची वर्गणी भरलेली आहे का, हे आधी पाहावे. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकलेल्यास मतदान करता येत नाही, किंबहुना तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. त्या विषयापुरते अध्यक्षांनी दुसऱ्यास अध्यक्षस्थानी बसवून स्वतः मत देऊ नये, हे शोभून दिसेल. आणि काहीही झाले तरी ही निवड ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात उरकू नका. (या एका ओळीखाली आपल्या संस्थांमध्ये काय काय मंजूर होते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) विषयपत्रिकेत राजीनामा स्वीकारणे आणि रिक्त जागा भरणे असे दोन विषय स्वतंत्रपणे, याच क्रमाने घ्यावेत, राजीनामा मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात नसेल तर जागा रिकामी होती का, असा प्रश्न नंतर निघतो.

निवड झाल्यावर १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार बदल अहवाल, म्हणजे बोलण्यातला चेंज रिपोर्ट, ‘शेड्यूल ३’ या नमुन्यात ९० दिवसांच्या आत दाखल करावा लागतो. त्यासोबत सभेची सूचना, ती सर्वांना पोहोचल्याचा पुरावा, इतिवृत्त, राजीनामापत्र आणि नव्या सदस्याचे संमतीपत्र जोडावे. सूचना पोहोचल्याचा पुरावा विशेष जपा. वाद झालाच तर ठरावाच्या शब्दांपेक्षा सूचना मिळाली की नाही यावरच बहुधा अधिक खल होतो, म्हणून हातोहात दिलेल्या सूचनेवर प्रत्येकाची तारखेसह सही घ्यावी.

प्रश्न : आमच्या क्रीडा मंडळाने वर्षभरापूर्वी अशीच जागा भरली, पण बदल अहवाल दिलाच नाही. आता काय करावे?
— एक सचिव, रत्नागिरी

उत्तर : अहवाल आताच दाखल करा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज द्या. सबळ कारण दाखवल्यास सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त विलंब माफ करू शकतात. कारण खरे लिहा, आणि इतिवृत्तात मागची तारीख घालून काही दुरुस्त करू नका.